भेंडी मंडईतली होती, हे घरांना सांगायचं का?

वाळवा तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"आमच्या गावातली ५ घरं मिळून बिनरासायनिक भाजी करतो. पीजीएसमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या सेंद्रिय शेतीची ग्वाही देण्याच्या प्रमाणपत्र-पद्धतीत, गटाची नोंदणी आहे. दर शनिवारी सांगलीत, बहुतेक विश्रामबाग भागात, ४२ घरांना भाजी जाते. बुधवारपर्यंत घरं व्हॉट्सॲपवर मागणी टाकतात, गुरुवारी मी ती पाच जणांत वाटून देते. मागणीपेक्षा कमी माल आणला तर ५० रुपये दंड, हा नियम आम्हीच केला, कारण माल कमी गेला की घरं गळतात. श्रावणात पाऊस उघडेना, भेंडीचा तोडा निम्म्याहून खाली आला. मागणी १८ किलोची होती. माझ्या चुलत दिरांनी पुरी १८ किलो आणली. पुढे टेम्पोवाल्याकडून कळलं, त्यातली ११ किलो पहाटे मंडईतून घेतलेली होती. मी अजून कुणाला बोलले नाही. बोलले तर भावकीत कायमचं वाकडं येईल. ते बाहेर पडले तर गटात आम्ही चारच उरतो. घरांना सांगितलं तर आमच्यावर विश्वास कोण ठेवणार? दुसरं, मंडईत भाव पडला की घरं आमची भाजी महाग म्हणतात. आणि बाजार समितीच्या परवान्याशिवाय असं विकणं गुन्हा आहे, असं एकाने घाबरवलं आहे. ते खरं आहे का?"

ताई,

सांगा. येत्या शनिवारची भाजी जाण्याआधी सांगा. तुमच्या पत्रात बाकी पुष्कळ गुंता आहे, पण या एका गोष्टीत मला गुंता दिसत नाही.

विश्रामबागेतल्या बाईला भेंडी कुठेही मिळते. कोपऱ्यावर हातगाडी आहे, मंडई आहे. तरी ती बुधवारी तुमच्याकडे मागणी टाकते आणि शनिवारपर्यंत थांबते. तुम्ही शेतात काय फवारता आणि काय फवारत नाही, हे तिला दिसत नाही. ती तुमच्या शब्दावर पैसे मोजते. आणि नेमकी भेंडीच अशी भाजी आहे, की जिचा तोडा एक दिवसाआड घ्यावा लागतो. औषध मारल्यावर तोडणीआधी जे दिवस थांबायचं असतं, ते बाजाराच्या भेंडीत पाळणं फार अवघड जातं. त्यासाठीच तर या ४२ घरांनी तुमची वाट धरली. ज्या गोष्टीपासून ती लांब पळत होती, तीच त्यांच्या पिशवीत तुमच्या नावाने गेली. घरात लहान पोर आहे म्हणून जी आई तुमच्याकडून भाजी घेते, तिला हे कळण्याचा हक्क आहे.

शिवाय ही गोष्ट झाकून राहणारी नाही. टेम्पोवाल्याला माहीत आहे, मंडईतल्या विक्रेत्याला माहीत आहे. उद्या एखाद्या घराला ती बाहेरून कळली, तर त्या दिवसापासून तुमची स्वतःच्या रानातली भेंडीही मंडईतलीच ठरेल.

पण घरांच्या आधी भावजींशी बोला. एकट्या बोला, सासऱ्यांच्या किंवा इतर भावकीच्या देखत नको. टेम्पोवाल्याचं नाव घेऊ नका, नाहीतर बोलणं भेंडीवरून त्याच्या चुगलीवर जाईल. सरळ विचारा, "भावजी, त्या शनिवारी झाडाला सातेकच किलो होती ना?" आणि थांबा. त्यांना बोलू द्या. मंडईतून काय भावाने घेतली, तेही विचारा. त्या दिवशी तुमच्या भावापेक्षा मंडईचा भाव चढा असेल, तर त्यांनी गटाचा शब्द राखायला पदरचे पैसे घातले. उतरता असेल, तर मधले पैसे त्यांच्या खिशात गेले. त्यांच्याशी पुढे कसं वागायचं हे या उत्तरावर ठरवा. घरांना सांगायचं की नाही, हे मात्र त्यावर ठरत नाही.

आणि त्यांच्यासमोर ही गोष्ट तुम्ही स्वतःहून ठेवा: कमी माल आणणाऱ्याला ५० रुपये दंड, हा नियम तुम्हा पाचही जणांचा होता. पावसात झाडाला भेंडी लागत नाही, त्यात शेतकऱ्याचा काय दोष? खरं सांगणाऱ्याला दंड आणि पिशवी कशीही भरणाऱ्याला माफी, असा अर्थ त्या नियमातून निघत होता. भावजींनी केलं ते चूकच, पण त्या चुकीकडे ढकलणारा नियम तुम्ही सगळ्यांनी मिळून लिहिला होता. हे तुमच्या तोंडून आधी आलं, तर त्यांना स्वतःचं मान्य करायला जागा मिळेल.

मग पाचही जणांनी बसा. या बैठकीत नाव घेऊनच बोललं पाहिजे, झाकून नाही. पीजीएसचा सगळा डोलारा शेतकऱ्यांनी एकमेकांच्या कामाची ग्वाही देण्यावर उभा आहे. तिथे बाहेरचा निरीक्षक येऊन शिक्का मारत नाही. तुम्हीच एकमेकांची शेतं पाहता, नोंदी करता, आणि त्या आधारावर प्रादेशिक परिषद प्रमाणपत्राला मान्यता देते. बाकीच्या तिघांना माहीत नसेल आणि ते उद्या भावजींसाठी सही करणार असतील, तर त्या सहीला काय किंमत राहील? एक फरक मात्र बैठकीत स्पष्ट मांडा. भावजींच्या शेतात खोट नाही. त्यांनी जमिनीवर काही फवारल्याचं कुणी म्हणत नाही. खोट त्या एका शनिवारच्या पिशवीत आहे. म्हणून मी त्यांना गटातून काढा असं म्हणणार नाही. इतिवृत्तात नोंद करा, दंडाचा नियम रद्द करा, आणि पुन्हा झालं तर काय, हे त्यांच्याच समोर लिहून ठेवा.

घरांना कळवताना भावजींचं नाव नको. तिथे गट एक आहे. त्यांना स्वतः बोलायचं असेल तर चांगलंच, पण भाग पाडू नका. संदेश लांबवू नका. मी असा लिहीन:

"नमस्कार. श्रावणातल्या अमुक तारखेला आपल्याला दिलेल्या १८ किलो भेंडीपैकी ११ किलो आमच्या शेतातली नव्हती, मंडईतून आणलेली होती. हे तुम्हाला न सांगता झालं. कुणाच्या पिशवीत कोणती गेली हे आता सांगता येत नाही, म्हणून त्या दिवशीच्या सगळ्या भेंडीचे पैसे परत करत आहोत. यापुढे मागणीप्रमाणे नाही, शेतात असेल त्याप्रमाणे भाजी येईल. येत्या रविवारी शेतावर या, आम्ही पाचही जण असू, काय विचारायचं ते विचारा."

यात पावसाचं गाऱ्हाणं घालू नका, "काही अपरिहार्य कारणाने" तर मुळीच नको. भाव ८० रुपये किलो असेल तर १८ किलोंचे १,४४० रुपये होतात, पाच जणांत प्रत्येकी २८८. ते सगळ्यांनी मिळून द्या, कारण नियम सगळ्यांचा होता. काही घरं गळतील. चार गळतील, कदाचित दहा. जी राहतील त्यांच्यावर तुमचा गट पुढची दहा वर्षं चालेल.

आता मुळाकडे येते. तुमची व्यवस्था दुकानाची आहे: घर मागतं आणि शेताने ते पुरवायचं. शेत असं चालत नाही. बुधवारी मागणी आली म्हणून शुक्रवारी भेंडी लागत नाही. हा क्रम उलटा करा. बुधवारी पाचही जणांनी संध्याकाळी आपल्या वाफ्यांतून एक फेरी मारायची आणि शनिवारी काय किती निघेल ते तुम्हाला कळवायचं. गुरुवारी तुम्ही घरांना यादी टाकायची: भेंडी ७ किलो, दोडका १५, अंबाडी ३० जुड्या, लाल माठ इतका, कारली इतकी. त्यातून प्रत्येक घराला ठरलेल्या रकमेची मिश्र टोपली. कुणाला एखादी भाजी मुळीच चालत नसेल तर ती वगळण्याची मुभा ठेवा, पण "मला दोन किलो भेंडीच हवी" ही सोय बंद. जपानमध्ये १९७० च्या दशकात घरं आणि शेतकरी थेट जोडले गेले, तेव्हा त्यांच्या परस्पर करारात हे कलमच होतं, की शेतात पिकेल ते सगळं घरं घेतील आणि भाव दोघं बसून ठरवतील. हे तिकडचं काही वेगळं शास्त्र नाही. आपल्याही घरांत श्रावणात अंबाडी, थंडीत चाकवत आणि मेथी, उन्हाळ्यात वाळवणं आणि कडधान्यं, असंच खाणं होतं. शहरात ती सवय सुटली आहे. टोपलीसोबत दोन ओळींत चाकवताची ताकातली भाजी कशी करायची ते लिहून पाठवा; ज्यांनी ती कधी केली नाही त्या मुलीसुद्धा करतात.

बाहेरून माल घ्यायची वेळ येणारच. पूर आला, गारपीट झाली, कुणाच्या घरी दुखणं निघालं. तेव्हा लपवायचं नाही आणि सोवळंही पाळायचं नाही. शेजारच्या गावातल्या दुसऱ्या पीजीएस गटाकडून घ्या आणि यादीत त्या गटाचं नाव लिहा. साधी बाजारची भाजी गटाच्या क्रेटमध्ये कधीच नको, लेबल लावूनही नको. दोन्ही एकाच टेम्पोत चढली की संशय कायमचा मागे लागतो.

लागवडीची एक वही ठेवा. कुणाच्या किती गुंठ्यांत, कोणत्या तारखेला काय लावलं, पहिला तोडा कधी अपेक्षित, दर शनिवारी किती निघालं. ही वही दर महिन्याला घरांपैकी एका बाईला दाखवा, तिची सही घ्या. अर्ध्या गुंठ्याच्या, पावसाने मार खाल्लेल्या भेंडीतून एका तोड्याला १८ किलो निघाली असं वहीत दिसलं, तर शेतीतलं फारसं न कळणारी बाईसुद्धा विचारेल. प्रमाणपत्रापेक्षा या वहीचा धाक मला मोठा वाटतो. कुणी प्रयोगशाळेचा अहवाल मागितला तर नाही म्हणू नका, पण तो काय सांगतो तेही समजावून द्या. कीडनाशकांच्या अंशांची तपासणी एका नमुन्याला काही हजार रुपयांना पडते, आणि ती त्या दिवशीच्या त्या नमुन्यापुरतीच बोलते. युरिया टाकला होता का, हे त्यात उमगत नाही. वर्षातून एकदा घरांनीच न सांगता कोणतीही एक भाजी उचलावी आणि खर्च दोघांनी निम्मा निम्मा करावा, हे रास्त आहे.

आणखी एक गोष्ट घरांना आपण होऊन सांगा: तुमच्या भोवती ऊस आहे. शेजारच्याने उसातल्या तणावर २,४-डी मारलं आणि वारं तुमच्या बाजूला असलं, तर तुमच्या वांग्या-टोमॅटोची पानं आकसतात, हे घरांना ठाऊक नाही. बांधाला शेवरी किंवा उंच गवताची दाट पट्टी करा, फवारणीच्या दिवशी शेजाऱ्याला फोन करायला सांगून ठेवा, आणि बांधालगतच्या ओळींतली भाजी टोपलीत धरू नका. "शंभर टक्के विषमुक्त" हे शब्द कुठल्याही पाटीवर लिहू नका. आम्ही काय करतो आणि काय करत नाही, एवढंच लिहा.

चारच उरण्याची भीती मी हलकी धरत नाही. पीजीएसच्या स्थानिक गटाला किमान ५ शेतकरी लागतात, म्हणजे भावजी रागावून निघाले तर नोंदणीच अडचणीत येते. पण म्हणून गप्प बसायचं ठरवलंत, तर यापुढे गटात कुणीही काहीही केलं तरी "पाचवा जाईल" या भीतीने तुम्ही गप्पच राहाल. सहावं आणि सातवं घर आत्तापासूनच शोधा. फक्त स्वतःच्या खाण्यापुरती दहा गुंठे बिनफवारणीची भाजी करणारं कुणी ना कुणी गावात असतंच, आणि बहुतेक वेळा ती त्या घरातली बाई असते. तिला विचारा. नव्या घराला रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याच्या, म्हणजे रूपांतराच्या काळात पीजीएस-ग्रीन आणि तो काळ संपल्यावर पीजीएस-ऑरगॅनिक, अशा पायऱ्या असतात. तेव्हा तिचा माल कोणत्या पायरीवरचा आहे हेही यादीत लिहावं लागेल.

भावाबद्दल. तुम्ही मंडईच्या भावाला थोडं वर चढवून दर लावत असाल, तर घरं दर आठवड्याला मंडईशी तुलना करणारच. तुम्हीच त्यांना तो धडा दिला आहे. वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, घरांचे दोन-तीन प्रतिनिधी आणि तुम्ही पाच जण बसा. बियाणं, मजुरी, जीवामृत, टेम्पो, तुमचा स्वतःचा वेळ, सगळं कागदावर मांडा आणि सहा महिन्यांचा एकच भाव ठरवा. समजा घेवडा ग्राहकाला मंडईत ८० ला मिळतो आणि हमाली, तोलाई, वाहतूक जाऊन शेतकऱ्याच्या हातात ४० पडतात. तुमचा ठरलेला भाव ७० असला तर दोघांचंही भलं आहे. मंडईत तो कधी ३० ला येईल, तेव्हा घरांनी ७० द्यायचे. १२० ला जाईल, तेव्हा तुम्ही ७० नेच द्यायचा. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरी ओलांडून गेला होता, ते घरं विसरलेली नाहीत. अशा वेळी तुम्ही जुन्या भावाला चिकटून राहिलात, की पुढच्या मंदीत त्यांना भाव समजावून सांगावा लागणार नाही. पैसे महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ घ्या. आणि ४२ दारं फिरू नका. विश्रामबागेतल्या दोन घरांच्या ओट्यावर क्रेट उतरवा, बाकीच्यांनी तिथून न्यावं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला या पत्रात जे सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते हे: गट नुसत्या भाजीवर उभा करू नका. भाजी नाशवंत, पावसाच्या हातातली, आणि दर शनिवारी परीक्षा घेणारी. आपल्या भागातलं घर अजूनही वर्षाची बेगमी करतं. हळद, शाळू, खपली गहू, तूरडाळ, गूळ. अक्षय तृतीयेच्या सुमाराला लावलेली हळद माघ-फाल्गुनात निघते, शिजते, वाळते, पॉलिश होते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जगभर ज्या गावाचं नाव हळदीमुळे आहे, तिथल्या घरांनी पाकिटातली कुठलीही पूड का खावी? संक्रांतीला घरांकडून वर्षाच्या हळदीची नोंद आणि निम्मी रक्कम घ्या. पूड देऊ नका, हळकुंडंच द्या. घरं ती आपल्या डोळ्यांसमोर कांडपावर दळून आणतील, म्हणजे भेसळीचा प्रश्नच उरत नाही. गुळाचंही तसंच. गुऱ्हाळात हायड्रॉस पावडर न घालता, भेंडीच्या चिकाने मळी काढून केलेला गूळ पिवळाधमक दिसत नाही, काळपट दिसतो. हे आधी सांगितलं नाही, तर पहिल्याच ढेपेला "जुना गूळ दिला" म्हणून फोन येईल. धान्याला पावडर लावलेली नसते, तेव्हा पोरकिडे होतात हेही सांगा. गहू-डाळींना एरंडेल चोळा, शाळूला कडक ऊन द्या, डब्यात कडुनिंबाचा पाला घाला. बेगमीचा पैसा फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात एकरकमी आला, की श्रावणात ११ किलो भेंडी कमी पडली तरी कुणाच्या पोटात गोळा येणार नाही.

परवान्याबद्दल: तुम्हाला घाबरवणाऱ्याला सांगा, की जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. १९६३ च्या मूळ कायद्यातही शेतकऱ्याने स्वतःचा माल विकण्याला आणि किरकोळ विक्रीला परवान्याच्या अटीतून सूट होतीच. सेंद्रिय म्हणून विकण्याबाबत अन्न सुरक्षा प्राधिकरणाची २०१७ ची नियमावली आहे. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या आणि थेट खाणाऱ्याला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला तिने प्रमाणपत्राच्या सक्तीतून वगळलं. मात्र प्रमाणपत्राशिवाय सेंद्रिय मालावरचं "जैविक भारत"चं चिन्ह पिशवीवर छापता येत नाही. शेतातला कच्चा माल देताय तोवर अन्न परवान्याचा प्रश्न येत नाही. पण उद्या हळदीची पूड, काकवी किंवा लोणचं पॅकबंद करून विकायचं ठरवलंत, तर आधी अन्न सुरक्षेची नोंदणी काढा. ती ऑनलाइन होते, छोट्या उद्योगाला फी किरकोळ असते. ती गटाच्या नावाने काढायची की एखाद्या बचत गटाच्या, हे त्याच बैठकीत ठरवून टाका.